याईराची कन्या आणि आपलीं लेंकरें

मार्काच्या शुभवर्तमानाच्या पांचव्या अध्यायांत याईराची बारा वर्षांची कन्या मरणांतून उठली, तेव्हां सभोंवतालचीं माणसें आश्चर्यानें थक्क झालीं. प्रभूनें मात्र तिला कांहीं खावयास देण्यास सांगितलें. एवढें अद्भुत कृत्य केल्यावरहि त्याला लेंकराच्या पोटाचा विसर पडला नाहीं.

आम्हांला पडला. गेल्या पावसाळ्यांत बडनेऱ्यास रविवारच्या शाळेंत एक मुलगा वचनें म्हणतांना अडखळूं लागला. आम्हीं त्यास आळशी म्हणून सर्वांदेखत उभें केलें. मागाहून कळलें कीं, आईबाप पहांटेंच निंदणास गेले होते व तें पोर कपभर काळ्या चहावर आलें होतें. (रविवारीं कामास जाण्याविषयीं आम्ही त्यांच्या घरीं बोलावयास गेलों होतों; चुलीकडे पाहून बोल तोंडांतच राहिले.)

सरकारी व अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांस दुपारचें जेवण मिळतें. ही योजना १९९५ सालीं निघाली; अन्न शिजवूनच द्यावें असा हुकूम सर्वोच्च न्यायालयानें २००१ सालीं दिला. प्राथमिक वर्गांतील मुलामागें १०० ग्रॅम धान्य व २० ग्रॅम डाळ धरलेली आहे. ह्याबद्दल देवाचे आभार मानावे तितके थोडे. परंतु वाढत्या अंगास एवढें एक जेवण पुरत नाहीं, व रविवारीं ती चूल पेटतच नाहीं. नववींत गेलेल्या मुलीस तर तें जेवण बंद होतें. नेमक्या त्याच वयांत तिच्या रक्तास लोह अधिक लागतें, आणि आपल्या घरांत तीच सर्वांच्या मागून जेवावयास बसते!

मातांनो, ज्वारीची भाकर, तुरीचें वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी हीं हलक्या लोकांचीं अन्नें नव्हेत. पालेभाजीवर लिंबू पिळलें म्हणजे तिच्यांतील लोह अंगीं लागतें. जेवणासोबत चहा दिला तर तें पुष्कळसें वायां जातें. रात्रीं एक भाकर अधिक थापून सकाळकरितां झांकून ठेवा. दुकानांतील चुरचुरीत पुड्याच्या पैशांत मूठभर फुटाणे येतात. आणि प्रचारकबंधूंनो, मुलास वचन विचारण्यापूर्वीं तो जेवला काय, हें विचारा.

आमच्या मंडळीनें आतां रविवारीं पाठाच्या आधीं गूळ व फुटाणे वांटण्याचें ठरविलें आहे. पहिल्याच दिवशीं त्या मुलानें अर्धे फुटाणे धाकट्या बहिणीसाठीं खिशांत घातले. आम्हीं तिचा वांटा त्याच्या हातीं निराळा दिला, तेव्हां कोठें तो खाऊं लागला.