डाव कोणाच्या हद्दीत?

22 नोव्हेंबर 2024 रोजी नायजेरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2005 चा राष्ट्रीय लॉटरी कायदा रद्दबातल ठरवला. लागोस राज्याने केंद्राविरुद्ध हा दावा 2008 मध्ये लावला होता. लॉटरी आणि नशिबाचे खेळ संसदेच्या अखत्यारीत येतच नाहीत, असे 7 न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले. केंद्राचा कायदा राजधानी प्रदेशापुरता. उरलेल्या 36 राज्यांनी आपापले पाहावे.

संघराज्याच्या दृष्टीने निकाल योग्यच आहे. आपल्या राज्यघटनेतही पैजा आणि जुगार राज्यसूचीतच आहेत; तरी 2025 मध्ये केंद्रानेच पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. ऑनलाइन खेळ राज्यांच्या सीमा मानत नाही, ही त्यामागची अडचण नायजेरियातही आहे. लागोसमध्ये राज्याचे प्राधिकरण परवाने देते. उत्तरेतल्या 12 राज्यांनी 1999 नंतर शरियतवर आधारलेले फौजदारी कायदे स्वीकारले, आणि इस्लामला जुगार निषिद्ध आहे. आता त्यांपैकीच कानो राज्यातला एखादा तरुण फोनवर पोकरला बसला, समोरचा खेळाडू लागोसमध्ये आणि सर्व्हर तिसऱ्याच देशात, तर डाव घडला कुठे?

जुने कायदे इथे तोकडे पडतात. दक्षिणेतली फौजदारी संहिता 1916 पासूनची. उत्तरेच्या 1960 च्या दंडसंहितेचा वंश सुदानमार्गे मेकॉलेच्या भारतीय दंडसंहितेपर्यंत पोचतो. हे सगळे घडले तेव्हा जुगाराला अड्डा लागे, आणि अड्ड्यावर धाड घालता येई.

मग वाद येतो कौशल्याचा. पोकरमध्ये पत्ते नशिबाने येतात. पण कधी बोली वाढवायची, कधी पाने टाकून उठायचे, हे अभ्यासाने जमते. आपल्या 1867 च्या जुगार कायद्यानेही निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले होते. ही सूट मला फार पूर्वीपासून खटकत आली आहे. नाणेफेकीत नवख्याला आणि मुरलेल्याला संधी सारखीच. पोकरमध्ये रात्र जितकी लांबते तितकी नवखा हरण्याची शक्यता वाढते, आणि खेळ चालवणारी कंपनी डावांमागे आपला हिस्सा कापून घेतच राहते. द्यूतसभेत शकुनीकडे कौशल्य होतेच. त्याने युधिष्ठिराची हार न्याय्य ठरली नाही. द्रौपदीने तिथे विचारला तो प्रश्न पणाला लावण्याच्या हक्काचा होता, आणि सभेत एवढे जाणते बसलेले असूनही त्याला सरळ उत्तर मिळाले नाही.

नायजेरियातल्या राज्यांपुढे आता कोरा कागद आहे. परवान्याच्या शुल्काचा हिशेब ती मांडतीलच. त्याआधी त्यांनी खेळाडूने एका दिवसात किती हरावे याची मर्यादा लिहावी, त्याचे जमा पैसे कंपनीच्या पैशांपासून वेगळे ठेवायला लावावेत, आणि तक्रार कोणत्या राज्यात ऐकली जाईल हे परस्परांत ठरवावे. एवढे नसेल, तर परवाना देऊच नये.