सल्ला द्या, शिकाऊ उमेदवारही घ्या

बिलोलीत उद्योग नाही, असे बाहेरचे म्हणतात आणि बिलोलीकरही मान डोलावतात. मान डोलावण्याला कारण आहे. मांजरा नदी ओलांडली की बोधन लागते. तिथली निजाम शुगर फॅक्टरी एकेकाळी आशियातला सर्वांत मोठा साखर कारखाना म्हणून सांगितली जाई. २०१५च्या अखेरीस तिला कुलूप लागले. नदीच्या अलीकडे, आपल्याच तालुक्यात, शंकरनगरचा गोदावरी मनार सहकारी कारखाना होता. तोही बंद पडला. चिमणीचा धूर दिसत नाही म्हणजे उद्योग नाही, असा हिशेब मग मनात पक्का बसतो.

पण रस्त्याच्या कडेने चालत जा. ट्रॅक्टरची ट्रॉली बांधणारे वेल्डिंगचे दुकान, मोटार रिवाइंडिंग, मळणीयंत्राची दुरुस्ती, डाळ मिल, जिनिंग, आणि धर्माबादकडे वळलात तर मिरची कांडपाची यंत्रे. यातल्या प्रत्येक ठिकाणी लेथ नाहीतर वेल्डिंग मशीन चालू असते आणि प्रत्येक मालक एकच तक्रार करतो: कामाचा माणूस मिळत नाही. आयटीआय झालेली मुले मात्र चाकणची नाहीतर हैदराबादची गाडी धरतात. तक्रार आणि मुले, दोन्ही एकाच तालुक्यातली. एकमेकांशी बोलतील अशी जागा मात्र नाही.

कागदावर ती जागा आहे. स्वायत्त महाविद्यालयाच्या अभ्यास मंडळावर उद्योगातला एक प्रतिनिधी हवा, असे विद्यापीठ अनुदान आयोग सांगतो. अभियांत्रिकी अभ्यासक्रमाला राष्ट्रीय मानांकन मंडळाचे, म्हणजे एनबीएचे, मानांकन हवे असेल तर अभ्यासक्रम ठरवताना उद्योगाचे मत घेतल्याचा पुरावा लागतो. म्हणून इंडस्ट्री अ‍ॅडव्हायझरी बोर्ड स्थापन होते. पुण्याच्या एखाद्या मोठ्या कंपनीतला अधिकारी येतो. शाल, श्रीफळ, चहा, बिस्किटे. ‘विद्यार्थ्यांनी कम्युनिकेशन स्किल सुधारावे’ असा सल्ला मिळतो, फोटो निघतो, इतिवृत्त फाइलला लागते आणि पुढच्या तपासणीपर्यंत फाइल झोपते. हे चित्र सगळीकडचे नाही, पण अनोळखीही नाही.

मोठी माणसे कुचकामी असतात असे मला म्हणायचे नाही. टीसीएसचे फकीरचंद कोहली पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. २००४च्या सुमारास त्या दीडशे वर्षांच्या संस्थेला स्वायत्तता मिळवून देण्यात त्यांचा वाटा मोठा होता. पण ते मंडळ सल्लागार नव्हते, नियामक होते. त्याच्या शब्दामागे अधिकार होता. नुसता सल्ला आणि अधिकारातून आलेला सल्ला यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते.

आयटीआयच्या बाबतीत सरकारने हा अधिकार देऊन पाहिला. २००७-०८मध्ये केंद्राने १३९६ शासकीय आयटीआयसाठी सार्वजनिक-खासगी भागीदारीची योजना आणली. प्रत्येक संस्थेत संस्था व्यवस्थापन समिती, म्हणजे आपली ‘आयएमसी’. अध्यक्ष उद्योजक, सोबत उद्योगातलेच आणखी चार सदस्य, सरकारने नेमलेले पाच आणि प्राचार्य सचिव. हाताशी अडीच कोटींपर्यंतचे बिनव्याजी कर्ज, आणि वीस टक्के प्रवेश ठरवण्याची मुभा. यापेक्षा जास्त काय द्यायचे? तरी अनेक ठिकाणी रकमेचा मोठा भाग बँकेत मुदत ठेव होऊन बसला. मुद्दल आज ना उद्या फेडायचे आहे, मग मशीन घेऊन जोखीम कोण घेणार? शिवाय ट्रेडचा अभ्यासक्रम दिल्लीत ठरतो. फिटरने कोणता जॉब किती तास फाइल करायचा, हे समिती बदलू शकत नाही. पैसा दिला, पण काय शिकवायचे हा प्रश्न तिच्या हाती दिलाच नाही. आणि ज्या उद्योजकाच्या कारखान्यात त्या आयटीआयचा एकही मुलगा जाणार नाही, त्याला अध्यक्षपदाचे ओझेच वाटणार.

नमुना शोधायला फार लांब जावे लागत नाही. आपल्याच तालुक्यात सगरोळीला संस्कृती संवर्धन मंडळाचे कृषी विज्ञान केंद्र आहे. देशातल्या प्रत्येक केव्हीकेप्रमाणे तिथेही शास्त्रीय सल्लागार समिती असते. तिच्यात विद्यापीठाचे तज्ज्ञ, कृषी खात्याचे अधिकारी आणि बँकेचे लोक असतातच, पण शेतकरी आणि महिला शेतकरीही सदस्य असतात. बैठकीचा पहिला विषय ठरलेला: मागच्या बैठकीत जे सुचवले त्याचे काय झाले. केंद्राला एकेका सूचनेवर केलेल्या कार्यवाहीचा अहवाल ठेवावा लागतो. शिवाय नवे वाण किंवा नवी पद्धत केंद्राच्या आवारात सिद्ध झाली म्हणून भागत नाही. ती शेतकऱ्याच्या शेतात, प्रक्षेत्र चाचणी म्हणून, त्याच्या देखत लावावी लागते. सोयाबीन वाळले तर सगळ्या गावाला दिसते. प्रत्येक केव्हीकेत हे तितक्याच नेकीने होते असे नाही, तरी रचना बरोबर आहे. ज्याचा घाम जाणार तो समितीत बसतो, आणि त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते.

अभियांत्रिकी शिक्षणाला एवढे साधे नियम का सुचू नयेत? सोयाबीनसाठी शेतकऱ्याला विचारतो, मग वेल्डरसाठी ट्रॉली बांधणाऱ्याला का नाही? मला वाटते, यामागे एक न बोललेली प्रतिष्ठेची भावना आहे. शेतकऱ्याला ‘प्रगतिशील’ म्हणून खुर्ची देता येते. कळकट कपड्यातल्या मिस्त्रीला समितीच्या टेबलाशी बसवणे आपल्याला जड जाते. जर्मनीत १९६९च्या व्यवसाय शिक्षण कायद्याने ही अडचणच ठेवली नाही. तिथे शिकाऊ उमेदवाराची अंतिम परीक्षा घेणाऱ्या मंडळात मालकांचे जितके प्रतिनिधी, तितकेच कामगारांचे, आणि सोबत व्यवसाय शाळेचा शिक्षक. आपल्या आयएमसीत विद्यार्थ्यांचा प्रतिनिधीसुद्धा आहे. हाताने काम करणारा कामगार तेवढा नाही.

अर्थात, गावच्या मिस्त्रीचे सगळे ऐकावे असेही नाही. त्याला उद्या सकाळी कामाला लागणारा पोरगा हवा असतो, आणि त्याची नजर त्याच्या दुकानापुरती असते. नांदेडचेच पाहा. शहरात उस्मानशाही मिल होती आणि १९८१मध्ये सुरू झालेल्या श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत वस्त्रतंत्रज्ञानाचा विभाग. गिरणी बंद पडली. त्या विभागातले शिक्षण त्या एका गिरणीच्या मागणीला बांधलेले असते, तर तेही तिच्याबरोबर बुडाले असते. विद्यार्थ्याला चाळीस वर्षे काम करायचे आहे. कारखान्याला पुढची ऑर्डर पुरी करायची आहे. हा ताण कोणतीही समिती संपवू शकत नाही. तो तिच्यासमोर उघडपणे मांडला गेला पाहिजे, एवढेच. म्हणून मिस्त्रीच्या शेजारी उद्याचे पाहणारा माणूसही हवा. लातूरला हरंगुळजवळच्या रेल्वे बोगी कारखान्यातून २०२०च्या डिसेंबरमध्ये पहिला सांगाडा बाहेर पडला. आता तिथे वंदे भारत स्लीपर गाड्यांचे काम ठरले आहे. बोगीच्या स्टेनलेस स्टीलचे वेल्डिंग आणि ट्रॉलीच्या अँगलचे वेल्डिंग यांत हाताचा फरक पडतो. तो फरक कोणता, त्यासाठी किती तासांचा सराव लागतो आणि चाचणी कशी घेतात, हे तिथला वेल्डिंग सुपरवायझर येऊन सांगेल तर बिलोली-देगलूरच्या मुलांना उपयोग. व्यवस्थापकीय संचालकाच्या भाषणाने नाही.

तेव्हा सदस्याची एकच अट ठेवावी: जो सल्ला देईल त्याने वर्षाला निदान एक शिकाऊ उमेदवार आपल्याकडे घ्यावा. कायद्याची आडकाठी नाही. २०१९च्या सुधारणेनंतर तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, आणि चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनेला ऐच्छिक. बिलोलीतली बरीच वर्कशॉप या दुसऱ्या गटात बसतील. पोरगा रोज डोळ्यांसमोर असला की मालकाचा सल्ला आपोआप नेमका होतो. ‘स्किल सुधारा’ असे तो म्हणत नाही. ‘याला व्हर्निअर वाचता येत नाही, हे कसे चालले?’ असे विचारतो. शिल्प निदेशकालाही असाच प्रश्न हवा असतो.

मे २०२५मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एक हजार आयटीआयच्या उन्नयनासाठी ६० हजार कोटींची योजना मंजूर केली. त्यातले १० हजार कोटी उद्योगांकडून अपेक्षित आहेत. पैसे देणारा समितीत बसणार, हे ओघाने आले. बिलोलीचा ट्रॉलीवाला कोटी सोडा, लाखही देऊ शकणार नाही. पण तो दोन मुले शिकवू शकतो. योजनेचे नियम राबवणाऱ्यांनी त्याचे हे देणे वर्गणी म्हणून मोजावे आणि त्याला खुर्ची द्यावी.