जन्मदिवसाचे जेवण आणि आईचा हक्क

मुलाच्या वाढदिवशी घरात काही खास शिजवावे की नाही, असा प्रश्न अनेक कुटुंबांतून विचारला जातो. प्रश्न लहान दिसतो. परंतु आनंद कसा मानावा, पैसा कुठे खर्चावा आणि घरातील श्रम कोणी उचलावेत, हे तीन मोठे प्रश्न त्याच्या पोटात आहेत.

उलेमांमध्ये याविषयी मतभेद आहेत. काहींच्या मते ही इतरांची प्रथा असून तिचे अनुकरण टाळावे. काहींच्या मते ती इबादत नसून केवळ सामाजिक रूढी आहे. तिला धार्मिक सण मानले नाही व तिच्यात निषिद्ध काही आले नाही, तर हरकत नाही. जन्माच्या आनंदासाठी शरीअतने सातव्या दिवशीचा अकीका सांगितला आहे; दरवर्षीचा कोणताही विधी सांगितलेला नाही. म्हणून जो वाढदिवस पाळत नाही त्याला कंजूष म्हणू नये आणि जो घरी साधे जेवण करतो त्याच्या ईमानावर शंका घेऊ नये.

इस्राफ मात्र दोन्ही पक्षांना अमान्य आहे. सूरह आराफच्या 31 व्या आयतीत खाण्यापिण्याची परवानगी आणि अतिरेकाची मनाई एकत्रच आली आहे. उसनवारी करून हॉल घेणे, केकची मलई एकमेकांच्या तोंडाला फासणे, हे अल्लाहच्या देणगीचा अपमान करणे आहे.

सोमवारच्या रोज्याविषयी विचारले असता प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले की, त्या दिवशी त्यांचा जन्म झाला आणि त्याच दिवशी त्यांच्यावर वह्य अवतरली. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. तिच्यावरून मेजवानीचे समर्थन काढणे योग्य नव्हे. परंतु जन्माची आठवण निर्मात्याविषयीच्या कृतज्ञतेकडे वळली पाहिजे, एवढा बोध निश्चित मिळतो.

आणि कृतज्ञतेचा विषय निघाला की आई आलीच. सूरह लुकमानच्या 14 व्या आयतीत अल्लाहने आपल्या कृतज्ञतेसोबत आईवडिलांच्या कृतज्ञतेचीही आज्ञा दिली आहे. सूरह अहकाफची 15 वी आयत गर्भधारणा आणि दूध सोडवणे यांचे तीस महिने मोजून दाखवते. मुलाचा जन्मदिवस हा आईने सोसलेल्या वेदनांचाही दिवस असतो. आमच्या घरांत मात्र त्याच दिवशी ती सकाळपासून चुलीपुढे उभी असते. बिर्याणी हवी, कोरमा हवा, कबाब हवेत, शाही तुकडाही हवा. शेवटचा पाहुणा हात धुऊन उठतो, तेव्हा तिच्या पोटात घासही गेलेला नसतो. जिच्यामुळे हा दिवस आला, तिलाच या दिवसाचे ओझे व्हावे, ही कोणती कृतज्ञता?

म्हणूनच जेवण सोपे असणे ही केवळ सोयीची गोष्ट नाही, ती न्यायाची गोष्ट आहे. प्रेषित (स.) घरी काय करीत असत, या प्रश्नावर हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले की, ते घरच्यांच्या सेवेत असत आणि नमाजची वेळ होताच नमाजसाठी निघत. सहीह बुखारीतील या हदीसनंतर स्वयंपाकघरात पाऊल ठेवण्यात पुरुषाला कमीपणा वाटण्याचे कारण उरत नाही.

एका भांड्यातला यखनी पुलाव पुरेसा आहे. आले, लसूण, कांदा आणि खडा मसाला घालून मटण मऊ शिजवावे, कांदा परतून त्याच यखनीत तांदूळ शिजवावा. सोबत कांदा-काकडीची कचुंबर आणि गोडाला शेवयांची खीर. हिवाळा असेल तर आपल्या नागपूरची संत्री सोलून ठेवावीत. किलोभर मटण आणि किलोभर तांदळात आठ-दहा माणसे तृप्त होतात. कांदा वडिलांनी चिरावा, दस्तरख्वान मुलांनी अंथरावे आणि ज्याचा वाढदिवस आहे त्याने पहिले ताट आईपुढे ठेवावे. या जेवणाचे खासपण त्या पहिल्या ताटात आहे.

एक ताट शेजारीही जावे. रस्सा करताना पाणी वाढवून शेजाऱ्यांची आठवण ठेवण्याची शिकवण प्रेषितांनी (स.) हजरत अबू जर (रजि.) यांना दिली. घरी बकरी कापली गेली, तेव्हा हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांनी आपल्या यहुदी शेजाऱ्याला वाटा दिला का, असे आवर्जून विचारले. तेव्हा शेजारधर्माला धर्माची भिंत नाही. शेजारचे कुटुंब मांस खात नसेल तर खिरीची वाटी पाठवावी. ज्या नातेवाइकाला भेटवस्तू आणणे परवडत नाही, त्याला 'फक्त जेवायला या' असे स्पष्ट सांगून बोलवावे. ज्या वलीम्यात श्रीमंतांना बोलावून गरिबांना वगळले जाते, त्याच्या अन्नाला हदीसमध्ये सर्वांत वाईट अन्न म्हटले आहे; हा इशारा प्रत्येक दावतीने लक्षात ठेवावा.

वाढदिवसाने आयुष्य वाढत नाही; सोपवलेल्या अमानतीतील एक वर्ष खर्च होते. त्या वर्षाचा हिशेब मनात घेऊन, आईची दुआ घेऊन मूल दस्तरख्वानावरून उठले, तर साधा पुलावही बरकतीचा ठरतो.

अल्लाह आम्हा सर्वांना उधळपट्टीपासून वाचवो आणि ज्यांनी आम्हाला वाढवले त्यांचा हक्क ओळखण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.