चालायचं कुणी?

एखाद्या सामाजिक कामासाठी चालून किंवा धावून निधी जमवण्याची रीत आपल्याकडेही रुजली आहे. 2004 साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनमधून स्वयंसेवी संस्थांना मोठा निधी मिळतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातल्या पालकांनी उद्या लहान मुलांच्या विकाससेवांसाठी अशी पदयात्रा काढली, तर मी आनंदाने तिच्यात चालेन. फक्त तिचा रस्ता कुठून कुठे जाणार, हे आधी विचारीन.

कारण या तालुक्यातले आईबाप लेकरू कडेवर घेऊन चालतच असतात. कोलाम आदिवासींचे कितीतरी पोड, म्हणजे वस्त्या, मोठ्या रस्त्यापासून आत आहेत. मूल वेळेवर मान धरत नाही, दोन वर्षं उलटूनही बोलत नाही, हे आधी आजीला जाणवतं. मग ‘याचा बापही उशिरानंच बोलला’ या दिलाशावर एक वर्ष निघून जातं. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करायची आणि विकासात विलंब दिसला, तर मुलाला जिल्ह्याच्या ठिकाणी उपचारासाठी पाठवायचं, अशी योजना आहे. ती चांगलीच आहे. पण बोलायला, चालायला शिकवण्याचे उपचार एका भेटीत होत नाहीत. महिनोन्महिने पुन्हा पुन्हा जावं लागतं. कापूस वेचणीच्या दिवसांत यवतमाळची एक खेप म्हणजे बुडालेली मजुरी आणि वर गाडीभाडं. काही खेपांनंतर कागद पिशवीत पडून राहतात. याला कुणी पालकांची अनास्था म्हटलं की मला राग येतो.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यापुढे हाच प्रश्न होता. 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचं काम करताना त्यांनी पाहिलं, की गरिबांची आणि आदिवासींची मुलं बालवाडीपर्यंत पोचत नाहीत. त्यांनी पालकांना बोल लावला नाही. बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. तरी तिथे रोज येऊन बसतात ती मुख्यतः तीन ते सहा वर्षांची मुलं. त्याहून लहानांच्या वाट्याला प्रामुख्याने घरपोच आहार, लसीकरण आणि वजनाची नोंद येते. मेंदूची वाढ सर्वांत वेगाने होते ती याच वयात, आणि तेव्हाच आई पऱ्हाटीच्या शेतात असते.

चालून मागण्याचा एक दाखला जवळचाच आहे. शेजारच्या वर्धा जिल्ह्यातल्या पवनारहून विनोबा भावे 1951 मध्ये पायी तेलंगणात गेले. 18 एप्रिलला पोचमपल्लीत त्यांना भूमिहीनांसाठी शंभर एकर जमीन दान मिळाली. पुढे ते जमीनमालकांना म्हणत, मला घरातला सहावा मुलगा समजा आणि माझा सहावा हिस्सा द्या. हे मागणं हिश्श्याचं होतं, कृपेचं नव्हतं. पालकांच्या पदयात्रेनेही असंच मागावं. जमलेल्या पैशांतून उपचारतज्ज्ञाला दर आठवड्याला पोडावर येण्याचा खर्च द्यावा, आणि तो कायम सरकारने उचलावा म्हणून पाठपुरावा करावा. अंगणवाडी सेविकेला घरोघरी करायचे साधे व्यायाम शिकवावेत, पण फुकट नव्हे. मानधनवाढ आणि ग्रॅच्युइटीसारख्या मागण्यांसाठी राज्यातल्या सेविका-मदतनिसांना 4 डिसेंबर 2023 पासून संपावर जावं लागलं होतं. त्यांच्या डोक्यावर आणखी एक बिनपैशाचं काम टाकणं अन्याय होईल.

आणि पदयात्रा घाटंजीच्या चौकात संपू नये. तिथून निघून ती पोडावर जावी. गटविकास अधिकारी, बालविकास प्रकल्प अधिकारी आणि डॉक्टर यांनी तिच्यात चालावं. मात्र निघावं भल्या पहाटे. उशीर झाला तर बाया वेचणीला गेलेल्या असतील, आणि ज्यांच्याशी बोलायचं त्या माया भेटायच्याच नाहीत.