बूचपट्टी

नाशिक

चि. समीर यास,



परवा फोन ठेवता ठेवता तू जे विचारलंस, त्याचं उत्तर मी मुद्दाम दिलं नाही. शेजारी तुझी मामी बसली होती आणि तिला माझा इतिहास ठाऊक आहे. ताई-भाऊजींच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं होतात म्हणून तू त्यांना फोर्ट लॉडरडेलहून आठवडाभराच्या क्रूझवर नेतो आहेस, हे फार चांगलं केलंस. पण माउथवॉशच्या बाटलीत हिरवा रंग घालून व्हिस्की न्यायची, ही तुझ्या ऑफिसातल्या मित्राची युक्ती तू विसर. चाळिशीला आलेल्या माणसाला हे पत्राने सांगावं लागतंय.

इतिहास असा. दोन वर्षांपूर्वी आमच्या मृणालने आम्हाला अशाच एका बोटीवर नेलं, तेव्हा मीही शहाणपणा केला होता. व्हिस्कीची चपटी बाटली मोज्यात कोंबून मोठ्या सुटकेसमध्ये तळाला ठेवली. मामीने तिच्या बाजूने वेंगुर्ल्याच्या कोकम आगळाची प्लॅस्टिकची बाटली ठेवली. जेवणानंतर पाण्यात घालून घेऊ म्हणाली. बंदरावर मोठ्या बॅगा हमालाच्या ताब्यात द्यायच्या असतात, त्या संध्याकाळपर्यंत खोलीच्या दारात येतात. शेजारच्यांच्या आल्या. आमची येईना. मामी प्रवासाच्याच सलवार-कमीजमध्ये, मी चुरगळलेल्या टीशर्टमध्ये, असे आम्ही त्या झुंबराखालच्या डायनिंग हॉलमध्ये जेवलो. रात्री नऊला खालच्या मजल्यावरच्या एका खोलीसमोर रांगेत उभं केलं. तिथे आमच्यासारखेच पंधरा-वीस गुन्हेगार. सगळ्या बॅगा एक्स-रेमधून जातात रे! बाटलीत काय आहे हे यंत्राला कळत नसेल, पण बाटली आहे हे कळतं. व्हिस्की गेली ती गेलीच. त्या माणसाने आगळाचं झाकण उघडून वास घेतला आणि जे तोंड केलं, ते मी जन्मात विसरणार नाही. मामीने "इट इज फ्रूट, इट इज फ्रूट" असं चारदा सांगितलं. शेवटच्या दिवशी सकाळी बाटली परत मिळाली, मोहोर लावून.

खरी गंमत अशी, की व्हिस्कीऐवजी वाइन नेली तर लपवायची काही गरजच नसते. बहुतेक अमेरिकी बोटींवर स्वतःची वाइन उघडपणे नेता येते. कार्निव्हल आणि रॉयल कॅरिबियन या दोन्हींचा नियम साधारण सारखा आहे: २१ वर्षांवरच्या प्रत्येक प्रवाशाला ७५० मिलीची वाइनची किंवा शॅम्पेनची एक सीलबंद बाटली, तीही फक्त चढायच्या दिवशी, आणि हातातल्या सामानात. बीअर, व्हिस्की, रम चालत नाही. डिस्नेवाले आणखी उदार, माणशी दोन वाइन किंवा सहा बीअर. नॉर्वेजियनवर हव्या तितक्या वाइन न्या, पण चढतानाच बाटलीमागे पैसे मोजा. एमएससीवर थेंबसुद्धा चालत नाही. आणि वायकिंगवर काही आकारच नाही. पण त्यांचं तिकीटच असं असतं की तो प्रश्न तुझ्या-माझ्यापर्यंत येत नाही. हे नियम बदलत असतात, तेव्हा निघायच्या आठवड्यात तुझ्या कंपनीचं पान स्वतः वाच. मित्राला विचारू नकोस.

नियम माणशी आहे हे लक्षात घे. ताई घोटभरही घेत नाही, पण तिच्या नावावर एक बाटली येतेच. म्हणजे तुमच्या चौघांच्या चार.

आता जेवणाच्या टेबलाबद्दल. आपली बाटली खोलीत बसून प्यायली तर बहुतेक ठिकाणी काही पडत नाही. डायनिंग हॉलमध्ये नेली, की वेटर उघडतो, ग्लास मांडतो, ओततो, आणि खोलीच्या बिलावर कॉर्केज चढतं. आम्हाला १५ डॉलर पडले. मी त्याला बूचपट्टी म्हणतो. घरपट्टी, पाणीपट्टी, तशी बूचपट्टी. आमच्या नाशिकच्या बाटलीला तर बूचही नव्हतं, फिरकीचं झाकण होतं. वेटर मडगावकडचा पोरगा निघाला. त्याने गंभीर चेहऱ्याने बाटली फडक्यात धरली, झाकण अर्धा वळसा फिरवलं आणि हळूच म्हणाला, "अंकल, एवढ्याचे पंधरा डॉलर." मग आम्ही दोघंही हसलो. बिलातलं त्याला काही मिळत नाही, असं तोच म्हणाला. तेव्हा बूचपट्टी देऊनही वेटरच्या हातात रोज दोन-तीन डॉलर वेगळे ठेव. बाटली एका बैठकीत संपली नाही तर त्यावर खोलीचा नंबर लिहून ते ठेवून देतात आणि दुसऱ्या रात्री आणतात. आमची एक बाटली तीन रात्री चालली.

काही लोक खोलीत ग्लास भरतात आणि तो हातात घेऊन जेवायला येतात, म्हणजे पट्टी वाचते. कुणी अडवताना मी पाहिलं नाही. पण लग्नाच्या पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला भाऊजी लिफ्टमध्ये भरलेला ग्लास सावरत उभे आहेत, आजूबाजूला ओल्या टॉवेलातली पोरं, हे चित्र मला बघवत नाही.

आता हिशोब. इथेच लोक फसतात. दहा डॉलरची वाइन, वर पंधरा पट्टी, झाले पंचवीस. बोटीवरची साध्यातली साधी बाटली आम्हाला टिपसकट चाळिशीच्या घरात पडली. म्हणजे वाचले पंधरा डॉलर, आणि त्यासाठी बंदराच्या रांगेत काचेची बाटली छातीशी धरून तासभर उभं राहायचं. पण दुकानात चाळीस-पन्नासला मिळणारी चांगली बाटली बोटीच्या यादीत शंभराच्या पुढे असते, आणि पट्टी मात्र तेवढीच, पंधरा. तेव्हा स्वस्त वाइन नेऊ नकोस. एकच ने आणि चांगली ने. पैसे वाचवायला आपली स्वस्त बाटली न्यायची, हे त्या मोठ्या बोटींच्या गणितात बसतच नाही. त्यांच्या मिळकतीतला जवळजवळ एक तृतीयांश भाग तिकिटाबाहेरचा असतो: दारू, कॅसिनो, बंदरांवरच्या सहली. तिकीट स्वस्त वाटतं ते त्याचमुळे.

ड्रिंक्स पॅकेजच्या फंदात पडू नकोस. बऱ्याच कंपन्यांत एका प्रौढाने घेतलं तर त्या खोलीतल्या दुसऱ्या प्रौढालाही घ्यावं लागतं, म्हणजे ताईसाठी रोज पैसे भरून तिने लिंबू सरबत प्यायचं. कार्निव्हलच्या पॅकेजमध्ये चोवीस तासांत दारूच्या पंधरा पेयांची मर्यादा आहे. भाऊजींना पंधरा पेयं पंधरा दिवस पुरतात.

ताईचं वेगळं सांगतो. तिला वाइन नको, चहा हवा, आणि जेवणानंतर लगेच हवा. इलेक्ट्रिक किटली नेऊ नकोस, आगीच्या भीतीने ती खोलीत ठेवू देत नाहीत. काढून घेतील आणि पुन्हा तीच रांग. दुकानातल्या बंद पाकिटातला चहाचा मसाला ने, टी-बॅग ने. पहिल्याच रात्री वेटरला सांगून ठेव, की आईला जेवणानंतर कडक उकळतं पाणी आणि गरम दूध वेगळं लागतं. चौथ्या रात्रीपासून न सांगता येईल. थंड दुधाची छोटी डबी आणून देतात, ती ताईपर्यंत पोचू देऊ नकोस. कोकम न्यायचा मोह तिला होणारच. आमच्या आगळाची कथा सांग. बिनदारूचं पेय न्यायचं तर कार्निव्हलवाले फक्त कॅन किंवा खोकी घेतात, माणशी बारा. प्लॅस्टिकची बाटली नाही.

ताईला एकदा पूर्वी भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटीबद्दल विचार. 'कोकण सेवक'वर डेकवर सतरंजी टाकून आम्ही वेंगुर्ल्याला जायचो. आईच्या पिशवीत दशम्या, लसणाची चटणी, फिरकीच्या तांब्यात पाणी. आपलं अन्न आपणच न्यायचं, दुसरा विचारच नसे. म्हणून तिला बोटीवर आपलं काही नेऊ देत नाहीत हे पटणार नाही. हुज्जत घालू नकोस. आणि बोट लागायची म्हणशील, तर जयगड यायच्या आत ती आडवी व्हायची. या बोटी अजस्र, तेवढं हलत नाहीत, तरी पहिल्या रात्री खुल्या समुद्रात जपून. बोट लागू नये म्हणून भाऊजींनी गोळी घेतली असेल तर त्या रात्री वाइन उघडू नकोस. त्या गोळ्यांनी आधीच झोप येते, त्यावर वाइन म्हणजे सूप येण्याआधीच मान खाली. तिसऱ्या-चौथ्या रात्री उघड.

नासाऊला किंवा कोझुमेलला उतरून रम घेतलीस तर परत चढताना ती ठेवून घेतात आणि शेवटी देतात. भांडायचं कारण नाही. घरी परतताना नेवार्कच्या विमानात मात्र ती मोठ्या बॅगेत टाक.

व्हिस्कीवाचून भाऊजींचं अडेल असं तुला वाटतं. अडणार नाही. त्यांना रोज संध्याकाळी एक पेग लागतो, तो बारवर विकत घेऊन दे. तू आता चांगला कमावतोस.

ताई-भाऊजी मुंबईहून निघतील तेव्हा ताईच्या मोठ्या बॅगेत, जुन्या इरकलीत गुंडाळलेली, आमच्या नाशिकच्या शिराझची एक बाटली असेल. अमेरिकेत माणशी एक लिटरपर्यंत ड्यूटी नाही. विमानात ती पोटातल्या सामानात जाईल; फोर्ट लॉडरडेलच्या बंदरावर मात्र आठवणीने बाहेर काढ आणि स्वतःच्या हातातल्या पिशवीत धर. इरकल ताईची आहे, ती परत दे. हिलाही फिरकीचंच झाकण आहे. पंधरा डॉलर निमूट दे.

तुझा,
मामा