औषधाचा जमाखर्च

राजोडीसारख्या समुद्रकाठच्या गावात, जिथे वाडीतला पाचोळा उचलताना विंचवाची धास्ती मनात असतेच, औषधांच्या किमतीविषयी बोलणाऱ्याने महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांची हकीकत प्रथम सांगितली पाहिजे. १९७६ च्या सुमारास ते कोकणातील सरकारी आरोग्य केंद्रावर रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने अत्यवस्थ झालेल्यांपैकी सुमारे ३० टक्के रुग्ण दगावत असत. रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम व श्वास यांची टिपणे ठेवता ठेवता त्यांच्या ध्यानात आले की, या विषाने शरीरातील उत्तेजक द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरून रोगी गुदमरतो. सबब आवळलेल्या वाहिन्या सैल करणारी, रक्तदाबासाठी आधीच प्रचारात असलेली प्राझोसिनची अल्पमोली गोळी त्यांनी योजली, आणि मृत्यूचे प्रमाण पुढे पाच टक्क्यांच्याही खाली आले.

खेड्यातील एका वैद्याला जे साधले त्यासाठी कंपन्यांना अब्जावधी का लागावेत, हा प्रश्न यावर स्वाभाविक असला तरी अपुरा आहे. कारण ती गोळी कोणीतरी आधी घडविली व पारखली होती, आणि पारखताना बाद ठरलेल्या कित्येक रसायनांचा खर्चही कोणीतरी सोसला होता. मानवी चाचण्यांत उतरलेल्या दहा द्रव्यांपैकी साधारण एकालाच मंजुरी मिळते. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१४ साली एका नव्या औषधामागील खर्च, अपयशांसह व अडकलेल्या भांडवलासह, सुमारे २.६ अब्ज डॉलर धरला, तर २०२० च्या दुसऱ्या एका अभ्यासात मध्यक एक अब्जाच्या जवळपास निघाला. हिशेबांत एवढी तफावत असल्यामुळे कंपनीने सांगितलेली किंमत मुकाट्याने मान्य करण्याचे कारण नाही. पण पारखण्याच्या खर्चाला कात्री लावणेही मला मान्य नाही: १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल येथे हाफकिन यांच्या प्लेगप्रतिबंधक लशीच्या एकाच दूषित बाटलीतून १९ माणसे धनुर्वाताने मेली, हे परळच्या हाफकिन संस्थेचे नाव घेणाऱ्या आपण तरी विसरू नये.

खरी अडचण खर्च कोणी करावा ही आहे. भांडवल नफ्याच्या दिशेने जाते, आणि विंचू चावतो तो बहुधा शेतमजुराला, ज्याच्या खिशाकडे पाहून कोणतीही बडी कंपनी चाचणी हाती घेणार नाही. प्रतिविष व प्राझोसिन एकत्र दिल्यास रुग्ण लवकर बरा होतो, हे ७० रुग्णांवरील चाचणीने सिद्ध झाले ते महाडलाच, आणि २०११ साली त्याची दखल ब्रिटिश मेडिकल जर्नलने घेतली. गरिबांच्या व्याधींवरील औषधांची परीक्षा सार्वजनिक खजिन्यातूनच झाली पाहिजे. तेव्हा वाचकहो, आपल्या आमदाराकडे रस्त्याची व नळाची दरखास्त नेताना, जिल्हा रुग्णालयांत अशा चाचण्यांसाठी कायम तरतूद करावी ही मागणीही तिच्यात अवश्य लिहा.