एक ताट अधिक

पोलंड देशात नाताळच्या आदल्या सायंकाळी पहिली चांदणी दिसली म्हणजे कुटुंबातील मंडळी पापडीसारखी पातळ भाकर परस्परांच्या हातची मोडून घेतात व मग भोजनास बसतात. मेजावर अवचित पाहुण्यासाठी एक ताट अधिक मांडलेले असते. सन २०२० साली कोरोनाच्या साथीमुळे बाहेरील पाचांहून अधिक पाहुणे बोलावण्यास सरकारने मनाई केली, आणि भयास्तव कित्येकांनी वृद्ध आईसही “येऊ नको” असे कळविले. परक्यासाठी ताट, आणि जन्मदात्रीस मज्जाव! हे ढोंग नव्हे काय? वाचकहो, मला तसे वाटत नाही. आईच्या जिवास जपण्यासाठी दूर राहणे हीही प्रीतीच होय. तथापि त्या रात्री एकट्या आईने ती भाकर कोणाबरोबर मोडावी, हे मला सांगता येत नाही.